रंगाचा कण आणि त्याचा वर्णपट

धडक देऊन वाहन निघून गेले तरी त्याचा थोडा रंग मागे राहतो. पादचाऱ्याच्या शर्टावर, मोटरसायकलच्या हँडलवर, सायकलच्या मडगार्डवर किंवा पुलाच्या कठड्यावर तो पापुद्र्याच्या, कणाच्या नाहीतर नुसत्या घासल्याच्या रूपात सापडतो. उलट दिशेनेही तेच घडते. मोटरसायकलच्या टाकीचा रंग मोटारीच्या बंपरवर उतरतो, आणि चालकाने घरी जाऊन गाडी धुतली तरी फटीत अडकलेला कण निघतोच असे नाही. दोन वस्तू एकमेकींना भिडल्या की दोन्हींवर काहीतरी मागे राहते, हे तत्त्व ल्यों शहरात १९१० साली पोलिसांसाठी प्रयोगशाळा काढणाऱ्या एडमंड लोकार्ड यांच्या नावाने ओळखले जाते. मागे राहिलेला रंग कोणत्या द्रव्यांचा बनला आहे आणि तो संशयित वाहनाच्या रंगाशी जुळतो का, हे प्रकाशाच्या साहाय्याने ठरवण्याचे शास्त्र म्हणजे रंगाच्या खुणांचे वर्णपटीय विश्लेषण.

या शास्त्राची गरज कोठे पडते हे समजण्यासाठी पुणे जिल्ह्यातले पौड हे ठिकाण सोयीचे आहे. मुळशी तालुक्याचे हे मुख्यालय. पुण्याच्या चांदणी चौकातून निघालेला रस्ता भूगाव, पिरंगुटवरून येथे येतो आणि पुढे मुळशी धरणाच्या कडेने ताम्हिणी घाट उतरून माणगावकडे जातो. पिरंगुट परिसरातल्या कारखान्यांचे ट्रक आणि कंपन्यांच्या बस, गावोगावचे टेम्पो आणि दुचाक्या, पावसाळ्यात शनिवार-रविवारी धबधबे पाहायला निघालेल्या मोटारींची रांग, हे सगळे याच एका रस्त्यावर. वाटेत अनेक ठिकाणी रस्त्यावर दिवे नाहीत आणि सगळीकडे कॅमेरेही नाहीत. वर्तमानपत्रात ‘अज्ञात वाहनाच्या धडकेत’ असे तीन शब्द येतात, पोलीस ठाण्यात अज्ञात चालकाविरुद्ध गुन्हा नोंदवला जातो, आणि नंबर कोणी पाहिलेला नसला तर हाती उरतो तो रस्त्यावर पडलेला हेडलाइटच्या काचेचा तुकडा आणि कपड्यांवरचा रंग.

वाहन सापडण्या-न सापडण्यात केवळ शिक्षेचा प्रश्न नसतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम १६१ प्रमाणे, प्रयत्न करूनही वाहनाची ओळख पटली नाही तर मृताच्या वारसांना ठरावीक दोन लाख रुपये आणि गंभीर जखमीला पन्नास हजार रुपये मिळतात. १ एप्रिल २०२२ पूर्वी हे आकडे पंचवीस हजार आणि साडेबारा हजार होते. वाहनाची ओळख पटली तर मात्र मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढे मृताचे वय, उत्पन्न आणि अवलंबून असलेली माणसे पाहून भरपाई ठरते आणि ती सहसा विमा कंपनीला भरावी लागते. घरातला कमावता माणूस गेलेल्या कुटुंबासाठी या दोन रकमांत फार मोठे अंतर पडू शकते.

वाहनाचा रंग म्हणजे एकच थर नव्हे. कारखान्यात पत्र्याचा सांगाडा आधी फॉस्फेटच्या द्रावणातून काढतात. मग तो विजेचा प्रवाह सोडलेल्या हौदात बुडवून त्यावर इपॉक्सी जातीचा, बहुधा करडा, गंजरोधक थर चढवतात. हा थर सुमारे वीस मायक्रॉन जाडीचा असतो. त्यावर तीस ते चाळीस मायक्रॉनचा प्रायमर, त्यावर डोळ्यांना दिसणारा मूळ रंगाचा थर आणि सर्वांत वर पारदर्शक क्लिअर कोट. चारही थर मिळून जाडी माणसाच्या जाडसर केसाएवढी, शंभर-सव्वाशे मायक्रॉनच्या आसपास भरते. प्रत्येक थरात तीन प्रकारची द्रव्ये असतात. सगळे धरून ठेवणारा बंधक, म्हणजे अल्किड, ॲक्रिलिक, पॉलियुरेथेन, इपॉक्सी यांसारखे राळद्रव्य; रंग देणारे रंगद्रव्य; आणि जाडी वाढवणारी, स्वस्तात मिळणारी शंखजिरे, चुनखडी, बेरियम सल्फेट ही पूरके. उत्पादक, वर्ष आणि मॉडेल बदलले की या द्रव्यांचे मिश्रण बदलते.

बंपरची गोष्ट वेगळी आहे आणि तपासात ती वारंवार आड येते. आजच्या मोटारीचा बंपर प्लास्टिकचा, बहुधा पॉलिप्रॉपिलीनचा असतो. प्लास्टिकमधून वीज वाहत नाही, त्यामुळे हौदातला गंजरोधक थर त्यावर चढत नाही. त्याऐवजी रंग चिकटून राहावा म्हणून वेगळे प्रायमर आणि वाकले तरी तडकू नये म्हणून लवचीक रंग वापरतात. म्हणजे एकाच गाडीच्या बॉनेटचा आणि बंपरचा पापुद्रा थरांच्या दृष्टीने निराळा असतो. धडक बंपरने दिली असेल आणि तुलनेचा नमुना दारावरून घेतला असेल, तर खरी गाडीसुद्धा निर्दोष ठरू शकते.

गाडी एकदा गॅरेजमध्ये डेंटिंग-पेंटिंगला जाऊन आली की तिच्या अंगावर तिचा स्वतःचा इतिहास चढतो. ठोकून सरळ केलेल्या पत्र्यावर कारागीर लांबी भरतो, पॉलिश पेपरने घासतो, प्रायमर मारतो आणि वर रंगाचे दोन-तीन हात देतो. ही लांबी म्हणजे स्टायरीनयुक्त पॉलिएस्टरमध्ये शंखजिरे आणि चुनखडी कालवलेली लगदी. रंग जुन्या पद्धतीचा ड्युको असेल तर नायट्रोसेल्युलोज. नव्या पद्धतीचा असेल तर हार्डनर मिसळलेला पॉलियुरेथेन. कारखान्यातला रंग साधारण १४० अंश सेल्सिअसला भट्टीत भाजला जातो. पूर्ण जोडलेली गाडी, तिच्या वायरी आणि सीटसकट, इतकी तापवता येत नाही. म्हणून गॅरेजच्या रंगाची रसायने मुळातच वेगळी असतात. तपासनीसाच्या दृष्टीने ही दुरुस्ती म्हणजे पर्वणीच. शोरूममधून नुकतीच निघालेली पांढरी मोटार तिच्यासारख्या हजारो गाड्यांत मिसळून जाते, आणि भारतात सर्वाधिक खपणारा रंग पांढराच आहे. उलट दोनदा ठोकलेल्या, एकदा निळ्या आणि मग पांढऱ्या केलेल्या, मध्ये लांबी असलेल्या टेम्पोच्या पापुद्र्यात सात-आठ थर एका विशिष्ट क्रमाने सापडतात. तोच क्रम दुसऱ्या एखाद्या वाहनावर त्याच द्रव्यांसह योगायोगाने जमून येणे फार कठीण.

प्रयोगशाळेतले यंत्र कितीही चांगले असले तरी त्याला मिळतो तो नमुना रस्त्यावर गोळा झालेला. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७६(३) ने सात वर्षे किंवा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायसहायक तज्ज्ञाने घटनास्थळी जाणे बंधनकारक केले; राज्याने ते पाच वर्षांच्या आत लागू करायचे आहे. निष्काळजीपणे मृत्यूस कारण होण्याचा गुन्हा भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६(१) खाली येतो आणि त्याची कमाल शिक्षा पाच वर्षे आहे. पळून जाणाऱ्या चालकासाठी दहा वर्षांची तरतूद असलेले १०६(२) हे उपकलम, १ जुलै २०२४ रोजी संहिता अमलात आली तेव्हा लागू करण्यात आले नाही. परिणामी नेहमीच्या अपघातात तज्ज्ञाने जागेवर येण्याची सक्ती नाही. पंचनाम्याच्या वेळी रंगाचा कण ओळखणे, उचलणे आणि जपणे हे काम ठाण्यातल्या हवालदाराकडे किंवा फौजदाराकडेच राहते.

हे काम म्हटले तर साधे आहे. कण बोटांनी न उचलता चिमट्याने उचलावा आणि स्वच्छ पांढऱ्या कागदाच्या पुडीत, औषधाची पुडी बांधतात तसा कागद दुमडून ठेवावा. प्लास्टिकच्या पिशवीत स्थिर विजेमुळे बारीक कण कडेला चिकटून बसतात, आणि साध्या पाकिटाच्या कोपऱ्यातल्या फटीतून ते गळूनही जातात. चिकटपट्टीने उचलणे सर्वांत सोपे, पण पट्टीचा डिंक स्वतःच अवरक्त प्रकाश शोषतो आणि पुढे वर्णपटात घोळ करतो. रंग घासून लागलेला असेल तर तो खरवडू नये. वस्तूचा तेवढा भागच काढून पाठवावा. कपडे झटकू नयेत. मुळशीच्या पावसात ते भिजलेलेच मिळण्याची शक्यता जास्त. अशा वेळी स्वच्छ कागदावर सावलीत वाळवून प्रत्येक कपडा वेगळ्या कागदात गुंडाळावा, नाहीतर बुरशी धरते. रंग पाण्याने विरघळत नाही, पण ओहोळाबरोबर वाहून मात्र जातो. म्हणून पावसात पंचनामा लांबवण्यात शहाणपण नाही.

संशयित वाहन सापडले की त्याचा नमुना घ्यायचा तो पोचा आलेल्या जागेच्या अगदी लगतच्या, पण न दुखावलेल्या भागातून, धारदार पात्याने थेट पत्र्यापर्यंत किंवा प्लास्टिकपर्यंत कापून, म्हणजे एकही थर सुटत नाही. वरचा रंग तेवढा खरवडून पाठवला तर तुलनेचा निम्मा आधार तिथेच गेला. घटनास्थळाची पुडी आणि वाहनाची पुडी एकाच टेबलावर, एकाच हाताने, एकामागोमाग बांधली असेल तर बचावाच्या वकिलाला पुढचा प्रश्न शोधावा लागत नाही. मुद्देमालावर लाखेचे सील, पंचांच्या सह्या आणि तो कोणाच्या ताब्यातून कोणाकडे गेला याची सलग नोंद, यांचा आग्रह त्यासाठीच असतो.

पौडहून असा मुद्देमाल पुण्यात गणेशखिंडीतल्या प्रादेशिक न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेकडे जातो. राज्याच्या न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळा संचालनालयाचे मुख्यालय मुंबईत कलिना येथे असून पुण्याखेरीज नागपूर, छत्रपती संभाजीनगर, नाशिक, अमरावती, नांदेड आणि कोल्हापूर येथे प्रादेशिक प्रयोगशाळा आहेत. या व्यवस्थेचे मूळ १८७० च्या सुमारास मुंबईत सुरू झालेल्या सरकारी रासायनिक विश्लेषकाच्या (केमिकल ॲनालायझरच्या) प्रयोगशाळेत आहे. त्या काळी तिथे मुख्यतः विषबाधेची प्रकरणे येत. प्रयोगशाळेचे नाव बदलले, यंत्रे बदलली, पण पोलीस ठाण्यात आणि कोर्टात त्या अहवालाला अजून ‘सी. ए. रिपोर्ट’च म्हणतात.

प्रयोगशाळेतली पहिली पायरी वर्णपटाची नसते, डोळ्यांची असते. पापुद्रा द्विनेत्री सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून त्याची कड पाहतात, किंवा तो राळेत बसवून आडवा छेद घेतात. थर किती, कोणत्या रंगाचे, कोणत्या क्रमाने, जाडी किती, चकाकी देणारे ॲल्युमिनियमचे किंवा अभ्रकाचे कण आहेत का, हे येथे कळते. कधी दोन तुकड्यांच्या तुटक्या कडा एकमेकींत नेमक्या बसतात. असे झाले तर तो तुकडा त्याच गाडीचा, आणि रसायनशास्त्राची गरजच उरत नाही. मात्र असे भाग्य क्वचित. थर दिसायलाच वेगळे निघाले तरी काम तिथेच संपते.

दिसायला सारखे निघाले की अवरक्त वर्णपट घेतात. रेणूंमधले बंध सतत कंप पावत असतात आणि प्रत्येक बंध ठरावीक ऊर्जेचा अवरक्त प्रकाश शोषतो. अमेरिकन शास्त्रज्ञ विल्यम कोब्लेंट्झ यांनी १९०५ मध्ये अनेक पदार्थांचे असे वर्णपट प्रसिद्ध केले, तेव्हा एका रासायनिक गटाची शोषणरेषा वेगवेगळ्या संयुगांतही जवळपास त्याच जागी येते हे स्पष्ट झाले. आजच्या फूरिए रूपांतर यंत्रात सर्व तरंगांकांची, म्हणजे एका सेंटिमीटरात किती तरंग मावतात त्या आकड्यांची, नोंद एकदमच होते आणि संगणक तिची उकल करतो. यंत्राला सूक्ष्मदर्शक जोडलेला असल्याने पापुद्र्यातला एकच थर निवडता येतो. पात्याने सुटा केलेला थर हिऱ्याच्या दोन चकत्यांमध्ये दाबून पातळ करतात. हा दाब सोसण्याइतका हिरा कठीण असतोच, शिवाय अवरक्त प्रकाशाच्या बहुतेक पट्ट्यात पारदर्शकही असतो.

क्लिअर कोटवाल्या पांढऱ्या मोटारीचा एक पापुद्रा घेतला तर आलेख कसा वाचतात ते पाहता येते. १७३० प्रति सेंटिमीटरजवळची उंच रेषा कार्बोनिल गटाची. ती ॲक्रिलिक, अल्किड आणि पॉलिएस्टर या तिघांतही येते, म्हणून तिच्यावर विसंबता येत नाही. १५५० आणि ८१५ या दोन ठिकाणी जोडीने रेषा आल्या तर मेलामाइन आहे, म्हणजे रंग भट्टीत भाजलेला आणि बहुधा कारखान्यातला. ७०० जवळची टोकदार रेषा स्टायरीनची. मेलामाइनची जोडी नसून १६९० आणि १५२० च्या आसपास युरेथेनच्या खुणा दिसल्या तर मन गॅरेजकडे वळते. पण येथे घाई चालत नाही, कारण काही कारखानेही युरेथेनयुक्त क्लिअर कोट वापरतात. १६५०, १२८० आणि ८४० हे त्रिकूट नायट्रोसेल्युलोजचे, म्हणजे ड्युकोचे. खालच्या एखाद्या थरात ३६७६ ला सुईसारखी बारीक रेषा आणि १०१५ ला रुंद पट्टा आला तर ते शंखजिरे, आणि सोबत ८७५ ला चुनखडी व ७०० ला स्टायरीन असेल तर ती लांबी. आलेखाच्या अगदी उजव्या टोकाला, ८०० च्या खाली, घसरत जाणारा रुंद पट्टा टायटॅनियम डायऑक्साइडचा. पांढरेपणा त्यानेच आलेला असतो.

अवरक्त वर्णपट बंधकाबद्दल भरपूर सांगतो, रंगद्रव्याबद्दल कमी. ती उणीव रामन वर्णपटाने भरून निघते. चंद्रशेखर वेंकट रामन आणि के. एस. कृष्णन यांना कलकत्त्यात २८ फेब्रुवारी १९२८ रोजी हा परिणाम आढळला. १९३० मध्ये रामन यांना त्यासाठी नोबेल पारितोषिक मिळाले. पदार्थावर एकरंगी प्रकाश टाकला तर विखुरलेल्या प्रकाशातला फार थोडा भाग, साधारण कोटीत एखादा फोटॉन, आपली ऊर्जा बदलून बाहेर पडतो आणि तो बदल रेणूच्या कंपनांशी जुळलेला असतो. रामन यांनी गाळलेल्या सूर्यप्रकाशावर काम सुरू केले होते; आज लेसर वापरतात, आणि काही मायक्रॉनच्या ठिपक्यावर तो रोखता येत असल्याने नमुना कापावाही लागत नाही. टायटॅनियम डायऑक्साइडची दोन स्फटिकरूपे याने चटकन वेगळी होतात: रुटाइलच्या रेषा ४४७ आणि ६१० च्या आसपास, तर ॲनाटेजची ठसठशीत रेषा १४४ ला. निळ्या मोटारींतले थॅलोसायनीन, लाल रंगांतली क्विनाक्रिडोन, जुन्या पिवळ्या रंगांतले लेड क्रोमेट ही द्रव्येही यात ठळक दिसतात. अडचण दोन गोष्टींची. काही रंगद्रव्ये लेसरखाली स्वतःच चमकू लागतात आणि त्या प्रतिदीप्तीत रामनची क्षीण रेषा बुडून जाते. ७८५ नॅनोमीटरचा लेसर वापरून हा त्रास बराच कमी करतात. दुसरे, काळ्या किंवा गडद रंगावर लेसरचा जोर जास्त झाला तर तो ठिपका जळतो.

उरलेल्या पद्धतींचे काम पूरक आहे. सूक्ष्मवर्णपटप्रकाशमापक ३८० ते ७८० नॅनोमीटरच्या दृश्य पट्ट्यात रंगाचे मापन करतो. दिवसाउजेडी एकसारखे दिसणारे आणि सोडियमच्या पिवळ्या दिव्याखाली वेगळे पडणारे दोन रंग त्याला फसवू शकत नाहीत. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाला जोडलेला क्ष-किरण वर्णपटमापक प्रत्येक थरातली मूलद्रव्ये दाखवतो, जसे टायटॅनियम, बेरियम, जस्त, शिसे, क्रोमियम. नमुना हवेशिवाय खूप तापवून त्याच्या वायूंचे विश्लेषण करणारी पायरोलिसिस पद्धत बंधकांतले बारीक फरक दाखवते, पण त्यात नमुना नष्ट होतो. म्हणून ती शेवटी, आणि तीही नमुना पुरेसा असेल तरच.

घरांच्या रंगालाही हेच शास्त्र लागू पडते. मुळशीच्या डोंगरउतारांवर बंगले आणि फार्महाउस वाढले आहेत, त्यांतली बरीच आठवडाभर बंद असतात. घरफोडीत दार उचकटायला वापरलेल्या पहारीच्या टोकाला दाराचा ऑइल पेंट लागलेला असतो. घराच्या दाराला वर्षानुवर्षे हात दिलेले असल्याने थरांची उतरंड मोटारीपेक्षा मोठी आणि अधिक वैयक्तिक असते. भारतात घरगुती व सजावटीच्या रंगांतल्या शिशाचे प्रमाण १ नोव्हेंबर २०१७ पासून दहा लाखांत ९० भागांपर्यंत मर्यादित केले गेले. खालच्या थरात शिसे भरपूर आणि वरच्यात नाही, असे आढळले तर थरांच्या वयाचाही अंदाज बांधता येतो.

संशयित गाडी हाती नसताना नुसत्या पापुद्र्यावरून मॉडेल शोधायचे असेल, तर तुलनेला संग्रह लागतो. कॅनडाच्या राष्ट्रीय पोलीस दलाने उभारलेल्या ‘पेंट डेटा क्वेरी’ या संग्रहात हजारो गाड्यांच्या थरांची रसायने नोंदलेली आहेत, आणि त्यातून उत्पादक, कारखाना व वर्षांची यादी आक्रसत आणता येते. पण तो संग्रह मुख्यतः कारखान्यातून निघालेल्या मूळ रंगाचा. गॅरेजमध्ये पुन्हा रंगवलेल्या गाडीपुढे त्याचा उपयोग मर्यादित, आणि आपल्याकडच्या जुन्या ट्रक-टेम्पोंबाबत तो आणखी मर्यादित.

निष्कर्षाच्या दोन बाजू सारख्या वजनाच्या नसतात. एका थराची जरी द्रव्ये खात्रीने वेगळी निघाली आणि नमुना योग्य जागेचा असेल, तर ही गाडी ती नव्हे असे ठामपणे सांगता येते. संशयावरून ठाण्यात बसवलेल्या निरपराध चालकाची सुटका यानेच होते. सर्व थर जुळले तर मात्र ‘त्याच गाडीचा रंग’ असे म्हणता येत नाही. ‘त्या गाडीचा किंवा तसाच रंग दिलेल्या दुसऱ्या एखाद्या गाडीचा’ एवढेच म्हणता येते, आणि तशा दुसऱ्या गाड्या किती असू शकतील यावर त्या विधानाचे बळ ठरते. एकथरी पांढरा घासलेला डाग असेल तर ते बळ थोडे. मोटारीचा रंग दुचाकीवर आणि दुचाकीचा रंग मोटारीवर, असा दोन्ही बाजूंनी मेळ बसला तर ते पुष्कळ वाढते.

न्यायालयात हा अहवाल भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ३९ प्रमाणे तज्ज्ञाचे मत म्हणून येतो. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३२९ मुळे सरकारी तज्ज्ञाला प्रत्येक खटल्यात पिंजऱ्यात उभे न करताही तो पुराव्यात वाचता येतो. न्यायालयाला वाटले तर ते तज्ज्ञाला बोलावू शकते. हिमाचल प्रदेश राज्य विरुद्ध जय लाल या १९९९ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की तज्ज्ञाचे काम निकाल देण्याचे नसून न्यायाधीशाला स्वतः निष्कर्ष काढता येईल असे शास्त्रीय निकष पुरवण्याचे आहे. या कसोटीवर ‘नमुने जुळतात’ एवढ्या एका ओळीचा अहवाल तोकडा पडतो. किती थर पाहिले, प्रत्येकावर कोणत्या पद्धती वापरल्या, कोणत्या रेषा जुळल्या, आलेख कोठे आहेत, दुरुस्तीच्या रंगाच्या खुणा होत्या का, आणि फेरतपासणीसाठी नमुना किती उरला, या गोष्टी त्यात असाव्या लागतात.